पस्तीस अडथळ्यांची शर्यत

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू शाळेत असताना पळायचास, शिवाय आता इतिहास शिकवतोस. तेव्हा खेळावर लिही, आणि तारखा नीट घाल." तारखा घालीन. पण "पळायचास" हे समितीचं औदार्य आहे. १९८५ च्या आपल्या दहावीच्या तुकडीत पळणारा एकच होता, आणि तो मी नव्हतो. मी त्याच्या मागे पळायचो, बहुतेक वेळा बरंच मागे. त्याने बजावलं आहे, "लिही, पण माझं नाव छापू नकोस." म्हणून नाव घालत नाही. पेठच्या बाजूचा, वसतिगृहात राहणारा, शेवटून दुसऱ्या बाकावरचा, एवढं सांगितलं की तुमच्या डोळ्यांसमोर तोच येईल.

६ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आमचं बोलणं तसं सणासुदीलाच होतं. हॅलो नाही, काही नाही. "बघितलंस का? पाच शतांश सेकंद रे!" बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतलं होतं. केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळेची ८ मिनिटे ११.२०. माझा मित्र थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पाण्याच्या उडीला त्याचा पाय कुठे पडतो ते बघ एकदा." मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला तरी मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो होतो. का, ते पुढे येईलच.

आधी शर्यतीबद्दल थोडं, कारण आपल्यातल्या पुष्कळांना क्रिकेटपलीकडचं काही सांगितलं की जांभई येते. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. इंग्लंड-आयर्लंडमध्ये एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत घोडे दौडवायची पैज लागे. वाटेत कुंपणं, दगडी बांध, ओढे येत, ते ओलांडून जायचं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी घोडे बाजूला ठेवले आणि तीच शर्यत पायांनी सुरू केली. म्हणजे ही शर्यत माणसांच्या मैदानात आली तीच कॉलेजच्या पोरांमुळे. १९२० च्या ऑलिम्पिकपासून तिचं अंतर ३००० मीटर ठरलं. बायकांना मात्र ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत पळायला मिळायला २००८ चं बीजिंग उजाडावं लागलं.

या ३००० मीटरमध्ये २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी, असे एकूण ३५ अडथळे असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण कमरेइतकी. ११० मीटरच्या हर्डल्सला धक्का लागला तर ते आडवं पडतं आणि धावणारा पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा जाड तुळईचा असतो, तो हलत नाही. त्याच्यावर आपटलात तर पडता तुम्हीच. पण नियमात एक सवलत आहे. त्या तुळईवर पाय ठेवता येतो. पाण्यापाशी बरेच धावपटू तेच करतात: पाय ठेवायचा, रेटा घ्यायचा आणि खड्ड्याच्या पलीकडच्या उथळ टोकाला उतरायचं. सगळा खेळ त्या पाय ठेवण्यावर आहे.

आमच्या मित्राला हे कुणी शिकवलं नव्हतं. बारावीनंतर तो आणि मी एकाच कॉलेजात गेलो. सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत पळत जायचं, परत यायचं, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट असत, तेही पावसाळा सोडून. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत स्टीपलचेसला कुणी नाव देत नसे, म्हणून आम्हा दोघांची नावं घातली गेली. मातीचा ट्रॅक, चुन्याच्या रेषा, आणि पाण्याच्या उडीसाठी खणलेल्या खड्ड्यात टँकरने आणून ओतलेलं पाणी. दुसऱ्या फेरीत मी त्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत बसलो आणि बाहेर आलो तो थेट प्रेक्षकांत. तो मात्र दर फेरीला तुळईवर पाय टेकवून असा पलीकडे जाई, जणू घरच्या वाटेवरचा ओहोळ ओलांडतोय. तो पहिला आला. पुढच्या वर्षीही आला. त्या दोन प्रमाणपत्रांवर त्याचं नाव वेगवेगळं लिहिलेलं आहे, आणि दोन्ही ठिकाणी चुकलेलं आहे.

आता मूळ मुद्दा. कॉलेजात पळणारा पोरगा पुढे पळण्यावरच जगू शकतो का? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर मैदानात मिळत नाही, नोकरीत मिळतं. इतिहास तपासला तर हे लख्ख दिसतं. ऑलिम्पिक पदक घरी आणलेल्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीनंतर पोलीस खात्यात नोकरी लागली ती १९५५ साली. स्टीपलचेसचंच घ्यायचं तर पानसिंग तोमर. सिनेमामुळे ते नाव आता घरोघरी माहीत आहे. ते लष्करातले शिपाई, सात वेळा राष्ट्रीय विजेते, १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारताकडून पळाले. वर्दी होती तोवर शर्यत होती. वर्दी उतरली आणि गावच्या जमिनीच्या भांडणातून चंबळची वाट धरावी लागली. १९८१ साली पोलीस चकमकीत ते मारले गेले. त्याच १९८१ साली टोकियोत राजस्थानच्या गोपाल सैनींनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आपण तेव्हा सहावीत होतो. तो विक्रम पुढे ३७ वर्षं टिकला. एखादा विक्रम इतका टिकतो तेव्हा विक्रमवीराचं कौतुक करावंच, पण मधल्या ३७ वर्षांत किती पोरं या शर्यतीपर्यंत पोहोचलीच नाहीत, याचाही तो हिशेब असतो.

आपल्या नाशिकचा अनुभव वेगळा नाही. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी धावपटू घडवले, त्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्य घेतलं आणि या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पुढे अर्जुन पुरस्कार आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. तिच्यामागे ओएनजीसीची नोकरी होती. चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये दुसरी आली. नाशिकच्या कॉलेजकन्येने जगभरच्या विद्यापीठांत दुसरं यावं, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणायच्या कामावर होता. लष्करात भरती झाल्यावर त्याने वल्हं हातात धरलं आणि रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. गुण या मातीत होतेच. पण महिन्याचा पगार सुरू झाल्यावरच ते जगाला दिसले.

रिओचीच आणखी एक शर्यत सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्या एका शर्यतीत आहे. १५ ऑगस्ट २०१६, महिलांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी. त्यात सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर पळत होती. दोन दिवस आधी प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. १९८४ साली पी. टी. उषा ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली, त्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ललिता ही पहिली भारतीय महिला. ती दहावी आली. त्याच शर्यतीत अमेरिकेची एमा कोबर्न तिसरी आली.

दोघींच्या वाटा शेजारी शेजारी ठेवून बघा. कोबर्न कोलोरॅडो विद्यापीठाची खेळाडू. अमेरिकेत चांगल्या धावपटूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देऊन बोलावून घेतं. तिथे प्रशिक्षक, ट्रॅक, डॉक्टर, दर आठवड्याला चढाओढीची शर्यत, सगळं असतं. कोबर्नने विद्यापीठांची राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली आणि शिक्षण संपल्यावर बूट बनवणाऱ्या कंपनीशी करार करून ती व्यावसायिक धावपटू झाली. दुसऱ्याच वर्षी, २०१७ मध्ये, लंडनला जगज्जेती झाली. तिच्या पदवीपासून पगारापर्यंत एक सरळ पूल बांधलेला होता. ललिता लांब पल्ल्याच्या शर्यती पळत आली, रेल्वेत नोकरीला लागली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ पहिली येत राहिली, आणि मग स्टीपलचेसकडे वळून २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद मिळवलं. धावणं थांबल्यावर ती महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. तिचाही पूल होता, पण तो रेल्वेचा आणि सरकारचा. आपल्याकडे 'व्यावसायिक खेळाडू' म्हणजे बहुधा हेच: हजेरीपटावर नाव असलेला खेळाडू. यात हिणवण्यासारखं काही नाही. पाय ठेवायला तुळई हवी, ती लोखंडाची की लाकडाची हा पुढचा प्रश्न.

अविनाश साबळेची कथा या सगळ्याचा कळस आहे. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, जन्म १९९४ चा. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर, एसटी नाही, म्हणून चालत किंवा पळत. बारावीनंतर घराला आधार म्हणून तो लष्करात गेला, महार रेजिमेंटमध्ये. खेळाडू व्हायला नव्हे, नोकरी करायला. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम असं फिरून २०१५ मध्ये तो लष्कराच्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. तिथे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हेरलं आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसला घातलं. म्हणजे तेविसाव्या वर्षी. आमचा मित्र त्या वयात धावणं सोडून दोन वर्षं झाली होती.

२०१८ ची आशियाई स्पर्धा साबळेची घोट्याच्या दुखापतीने हुकली. पण त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत संपवली आणि सैनींचा १९८१ चा विक्रम अखेर मोडला. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूच्या पडण्याने त्याची वाट अडली. तक्रार मान्य होऊन त्याला अंतिम फेरीत घेतलं, आणि तिथे ८ मिनिटे २१.३७ सेकंद काढून त्याने ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं. १९५२ च्या गुलझारा सिंग मान यांच्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत पळणारा तो पहिला भारतीय. टोकियोत ८ मिनिटे १८.१२ सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. बाहेर राहिलेल्यांत सर्वांत वेगवान तोच.

तिथून पुढे तो अमेरिकेत, कोलोरॅडो स्प्रिंग्जला, स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेला. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंच. तिथल्या विरळ हवेत राहिलं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि खाली आल्यावर दम जास्त टिकतो. मग आलं ते बर्मिंगहॅम. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. ती भिंत साबळेने फोडली. १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझूमध्ये त्याने ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धाविक्रमासह आशियाई सुवर्ण घेतलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, आणि महिन्याभराने त्याच पॅरिसमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा. २०२५ च्या मे महिन्यात कोरियात आशियाई अजिंक्यपद, आणि जुलैमध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी पडून गुडघ्याची शस्त्रक्रिया. ही शर्यत अशी आहे. सात वर्षं ज्या पाण्याने नाव दिलं, त्यानेच एका क्षणात खाली पाडलं.

माण आणि आष्टी. दोन्ही दुष्काळी तालुके, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे. आणि महाराष्ट्राने जगाला स्टीपलचेसचे धावपटू दिले ते तिथूनच. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. मी हसत नाही, कारण मला टँकरच्या पाण्याने भरलेला तो खड्डा आठवतो.

आता जे लिहायला छत्तीस वर्षं लागली ते लिहितो.

१९८९ साली एका सरकारी खात्यात खेळाडूंची भरती निघाली. जाहिरात इंग्रजीत होती. आमच्या मित्राने कात्रण आणून माझ्या हातात दिलं. सोबत दोन्ही प्रमाणपत्रं, जन्मदाखला आणि पोस्टल ऑर्डरसाठी सुट्टे पैसे. "तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू भर. मी घरी भाताच्या कापणीला जातोय." मी हो म्हणालो. पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. माझी सहामाही परीक्षा होती, मग दिवाळी आली. खण उघडला तेव्हा शेवटची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. मी त्याला सांगितलं, "पाठवला होता, उत्तर आलं नाही." त्याने पोस्टल ऑर्डरचे पैसे परत मागितले नाहीत, कारण त्याच्या लेखी ते खर्च झाले होते. पदवीचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडून तो गावी गेला आणि शेतीला लागला.

अर्ज गेला असता तर तो निवडला गेला असता, असं इतिहासाचा शिक्षक म्हणणार नाही. इतिहासात 'जर' ला जागा नसते, हे मीच मुलांना सांगतो. पण त्याला तुळईपर्यंत पोहोचूच दिलं नाही मी, हे मात्र घडलेलं आहे, आणि घडलेल्याची नोंद व्हायला हवी.

मागच्या दिवाळीत पेठला जाऊन मी त्याला हे तोंडाने सांगितलं. ओटीवर बसलो होतो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतंच. पाकीट रजिस्टरने गेलं असतं तर पावती दाखवली असतीस तू." इतकी वर्षं त्याला माहीत होतं, आणि बर्मिंगहॅमच्या संध्याकाळी तरीही त्याने पहिला फोन मलाच केला होता. थोड्या वेळाने त्याची नात शाळेतून आली. दप्तर टाकून पळतच विहिरीकडे गेली. तो म्हणाला, "ही बघ. हिचे फॉर्म आता ऑनलाइन असतात. माझ्या बापाला इंग्रजी येत नव्हतं, मला हे ऑनलाइन येत नाही."

मित्रहो, आणि आपल्याला मैदानावर उन्हात उभं करणाऱ्या पी.टी.च्या सरांनो, या मेळाव्याच्या शिल्लक वर्गणीतून शाळेला कमान बांधायची असा एक प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण माझी एक सूचना इथे छापील स्वरूपात राहू द्या. त्या पैशांतला काही भाग पळणाऱ्या मुलामुलींच्या बुटांसाठी, एसटीच्या भाड्यासाठी आणि निवड चाचणीच्या दिवशीच्या जेवणासाठी ठेवावा. आणि शाळेच्या एका खोलीत दर शनिवारी दुपारी कुणीतरी बसावं. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या, लष्कर, पोलीस, रेल्वे यांच्या खेळाडू भरत्या, शिष्यवृत्त्या, जे जे निघेल त्याच्या जाहिराती वाचाव्यात, कागद जुळवावेत, अर्ज भरावेत आणि मुलाच्या हातात पोच द्यावी. साबळे एखादाच होतो. पण अर्जाची पोच प्रत्येकाला मिळू शकते.

शनिवारी बसायला माणूस शोधावा लागणार नाही. मी येईन. पहिला अर्ज कुणाचा, तेही ठरलेलं आहे. तिच्या आजोबांनी दोन्ही प्रमाणपत्रं जपून ठेवली आहेत. तिच्या प्रमाणपत्रावर नाव नीट लिहिलं जाईल, एवढं मी स्वतः बघेन.